जर्मनीत मास्टर्स करताना पार्ट टाइम काम करावंच लागतं का? अभ्यासाला वेळ उरतो का?

प्रश्नाच्या खाली तुम्ही लिहिलंय की "नातेवाईक म्हणतात तिकडे जाऊन मुलं भांडी घासतात नाहीतर पाव विकतात, हे खरं आहे का?" खरं तर त्या एका ओळीसाठीच लिहायला बसले.

हो, खरं आहे. मी विकलेत पाव. पूर्व जर्मनीत, सॅक्सनी राज्यातल्या केमनिट्झ नावाच्या शहरात, एका बेकरीच्या काउंटरवर, दर शनिवारी आणि रविवारी, एम्बेडेड सिस्टिम्समध्ये एमएससी करता करता. आणि ज्यांना हे ऐकून कसंतरी होतं त्यांच्यासाठी माझ्याकडे बरंच बोलण्यासारखं आहे.

मी इचलकरंजीची. बाबा यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे माग बिघडला की तो लावून देणारा माणूस. 2022 च्या विंटर सेमला अ‍ॅडमिशन मिळालं तेव्हा ब्लॉक अकाउंटला, म्हणजे व्हिसासाठी वर्षभराचा खर्च आधीच भरून ठेवायच्या खात्यात, 10,332 युरो दाखवावे लागायचे, म्हणजे साडेआठ लाखांच्या आसपास, आणि ते घर तारण ठेवून काढलेल्या कर्जातून आले. 2024 मध्ये तोच आकडा 11,904 युरोवर गेला. त्यातून दर महिन्याला ठरलेला हप्ता आपल्या खात्यात येतो, माझ्या वेळी 861 युरो, 2024 पासून 992. केमनिट्झ स्वस्त आहे, हॉस्टेलची खोली अडीचशे-तीनशेत मिळते, हेल्थ इन्शुरन्सचे माझ्या वेळी सव्वाशेच्या आसपास जायचे, बाकी खाणं, फोन, सेमिस्टरची फी. पहिलं वर्ष निघतं. प्रश्न दुसऱ्या वर्षाचा असतो, आणि कन्सल्टन्सीवाले "दुसऱ्या वर्षी पार्ट टाइममधून आरामात निघेल" असं जे सांगतात ते मला अजिबात पटत नाही. आरामात काहीच निघत नाही.

आमच्या बॅचमधल्या सगळ्यांना हिवी जॉब हवा होता, म्हणजे प्रोफेसरच्या हाताखाली लॅबमध्ये. तो मिळाला तर उत्तमच, कामाच्या दिवसांच्या मर्यादेतही तो धरत नाहीत. पण जागा चार आणि मागणारे शंभर. मी बेकरीत गेले कारण तिथे दारावर पाटी होती आणि माझं जर्मन बी-वन पातळीचं होतं. (जर्मन शिकून या. ए-वनचं, म्हणजे अगदी पहिल्या पातळीचं सर्टिफिकेट घेऊन आलात तर फक्त गोदामात खोकी उचलायचं काम मिळेल, जिथे कोणी बोलतच नाही. कोर्स इंग्लिशमध्ये आहे म्हणून भाषेची गरज नाही म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.) काउंटरवर उभं राहण्याआधी तिथल्या आरोग्य कार्यालयात जाऊन खाद्यपदार्थ हाताळण्याबद्दलची माहिती ऐकून सही करावी लागते, तो कागद मिळाल्याशिवाय कोणी तुम्हाला पावाला हात लावू देत नाही. ते केलं, टॅक्स नंबर पोस्टाने आलेलाच होता, करारावर सही झाली. मिनीजॉब, म्हणजे महिन्याच्या कमाईला मर्यादा असलेली छोटी नोकरी, तेव्हा महिन्याला 520 युरोची मर्यादा, तासाला 12 युरो किमान वेतन.

जर्मनीत रविवारी सगळं बंद असतं. डी-मार्टसारखं काही उघडं असेल असं समजून कोणी रिकामा फ्रीज घेऊन रविवार उजाडू देऊ नये. बेकऱ्या मात्र सकाळी काही तास उघड्या असतात, त्यामुळे रविवारी सात वाजता आमच्या दारात रांग. मला साडेपाचला पोचावं लागायचं. त्या वेळेला ट्रामचा भरवसा नाही म्हणून चालत, डिसेंबरात बर्फातून. कच्चे पाव आदल्या रात्री आलेले असायचे, ते ट्रेवर लावून ओव्हनमध्ये टाकायचे, तोवर केकचे तुकडे, खसखशीचा केक, आणि आयरशेके म्हणून तिथला एक प्रकार आहे, खाली पीठ, मध्ये चक्क्यासारखा थर, वर अंड्याची साय, सॅक्सनीतल्या माणसाला रविवारी हे लागतंच. मग सात वाजता दार उघडायचं आणि अकरापर्यंत श्वास घ्यायला वेळ नाही. ब्रेड कापून हवा की अख्खा, कापायचा तर किती जाड, कोणाला खालच्या ट्रेमधला जास्त भाजलेलाच पाहिजे, कोणी आजोबा सेंट मोजून ठेवतात आणि मागच्यांना घाई नसते. सगळं सॅक्सन बोलीत, जी मी क्लासमध्ये कधी ऐकलेलीच नव्हती. पहिल्या काही आठवड्यांत मी रात्री झोपेत सुद्धा पावांचे कोड म्हणायचे. पण त्याच रांगेने मला जे जर्मन दिलं त्याच्या जोरावर मी पुढे थिसिससाठी कंपनीत इंटरव्ह्यू दिला, तो पूर्ण जर्मनमध्ये.

तर ॲडव्हेंटचा पहिला रविवार होता, म्हणजे ख्रिसमसच्या आधीच्या चारपैकी पहिला. काउंटरवर श्टोलनचा, म्हणजे ख्रिसमसच्या गोड ब्रेडचा ढीग लावलेला, माझ्या अंगात लाल ॲप्रन. माझ्याबरोबर काम करणाऱ्या बाईंनी फोटो काढला. मी आईला पाठवला. आईने कौतुकाने स्टेटसला ठेवला. संध्याकाळी घरच्या ग्रुपवर मावशीच्या मिस्टरांचा, काकांचा मेसेज: "एवढं कर्ज काढून पोरीला पाव विकायला पाठवलं का? तेवढ्यासाठी इंजिनिअर कशाला व्हायला पाहिजे?" खाली दोघातिघांचे हसरे चेहरे. आईचा मला फोन, "तो फोटो काढून टाकू का गं?" मी म्हटलं अजिबात काढायचा नाही. बाबा त्या दिवशी ग्रुपवर काही बोलले नाहीत. काकांचा सुताचा व्यापार आहे आणि बाबा ज्यांच्याकडे कामाला आहेत ते मालक त्यांच्याकडूनच सूत घेतात. एवढं सांगितलं की गप्प का बसले ते कळेल.

त्या फोटो काढणाऱ्या बाईंबद्दल सांगते, कारण त्यांच्याशिवाय हे उत्तर अर्धवट राहील. साठी जवळ आलेली, हाताने प्रचंड चपळ. एकदा दुकान बंद झाल्यावर गल्ला मोजताना त्यांनी विचारलं, तुझं गाव कसलं? मी सांगितलं, मागांचं गाव, घराघरातून माग चालतात, लोक महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात. त्या मोजता मोजता थांबल्या. केमनिट्झला सुद्धा सॅक्सनीचं मँचेस्टर म्हणायचे. इथे माग तयार करणारे मोठे कारखाने होते, शोनहेअर नावाच्या माणसाचा तर नावाजलेला, त्याच्या इमारती अजून आहेत. शहराचं नाव 1953 ते 1990 कार्ल-मार्क्स-श्टाट होतं, आणि त्या काळात ह्या बाई शाळा संपवून कापड गिरणीत लागल्या, विणकामावर. दोन जर्मनी एक झाल्यावर पूर्वेकडच्या गिरण्या भराभर बंद पडल्या. त्यांची पण. विशीतच नोकरी गेली, पदरात लहान मूल, मग सहा महिन्यांचं ट्रेनिंग घेऊन बेकरीत. मला म्हणाल्या, त्या वेळी माझ्या आईला लाज वाटली होती की मुलगी विणकर होती आणि आता दुकानात उभी राहते. म्हणजे विणकर असण्याचा अभिमान, आणि काउंटरची लाज. आमच्याकडे माग चालवणाऱ्यांना कोण मान देतं?

मी त्यांना धोट्याबद्दल, म्हणजे मागात दोरा इकडून तिकडे नेणाऱ्या भागाबद्दल सांगायला गेले तर मला शब्द येईना, मग हात इकडून तिकडे मारून खट-खट आवाज काढून दाखवला. त्यांना लगेच कळलं. पुढच्या एका रविवारी दुकान बंद करून त्या मला इंडस्ट्री म्युझियममध्ये घेऊन गेल्या, त्स्विकाउअर श्ट्रासवर आहे, जुन्या कारखान्याच्या इमारतीत. तिथे कापडाची जुनी यंत्रं नुसती काचेत ठेवलेली नाहीत, चालू करून दाखवतात. ज्या क्षणी तो माग सुरू झाला त्या क्षणी मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला, तिकडे संध्याकाळ होती, ते नुकतेच पाळीवरून आलेले. बाबा आधी काही बोलेनात. मग म्हणाले, फोन जरा फणीजवळ धर. मग म्हणाले, बीम दाखव. यंत्र चालवणाऱ्या आजोबांना मी खूण केली, त्यांना गंमत वाटली, त्यांनी माग थांबवून एकेक भाग हात लावून दाखवला, बाबा मराठीत नाव सांगत होते आणि ते जर्मनमध्ये, मध्ये मी दुभाषी आणि निम्म्या गोष्टींचे शब्द मला दोन्हीकडचे माहीत नव्हते, तरी त्या दोघांचं अडलं नाही. शेवटी बाबांनी विचारलं की ताणाचा दोरा तुटला तर ह्यांचा माग आपोआप थांबतो का, आणि आजोबांनी एक दोरा तोडून दाखवला.

त्या रात्री बाबांनी ग्रुपवर त्या मागाचा व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, "माझी मुलगी ज्यांच्याबरोबर काम करते त्या बाईंनी दाखवला." एवढंच. काकांचं उत्तर आलं नाही.

काका, हे तुमच्यापर्यंत पोचलं तर पोचू दे. तुमच्याच ओळखीतला जो मुलगा परदेशात "इंटर्नशिप करतो" असं तुम्ही सगळ्यांना सांगता, तो रात्री जेवणाची पार्सलं पोचवतो, आणि चांगलं काम करतो. त्याला घरी खोटं सांगावं लागतं ते तुमच्यासारख्यांमुळे.

आणि हे फक्त मानापमानाचं नाही, ह्याच्यात खरे पैसे बुडतात. आमच्या मजल्यावरच्या एका मुलाला एका हॉटेलने दीड महिना रोखीत, करार न करता राबवलं आणि मग पैसे दिलेच नाहीत. तो कोणाला सांगेना, कारण त्याने घरी सांगितलं होतं की युनिव्हर्सिटीत असिस्टंट आहे. लपवलेलं काम म्हणजे मालकाच्या हातात आयतं कोलीत. मी तेव्हा त्याला ओरडून सांगितलं होतं आणि तुम्हालाही सांगते: लेखी करार घ्या, दर महिन्याची पगाराची स्लिप घ्या, रोखीचं काळं काम घेऊ नका, विद्यार्थी व्हिसावर ते अंगाशी येतं. मिनीजॉबवाल्यालाही भरपगारी सुट्टी मिळते, आणि नोकरीला चार आठवडे झाले की आजारपणातही पगार चालू राहतो. हे हक्क आहेत, उपकार नाहीत, पण मागणाऱ्यालाच मिळतात, आणि जो स्वतःच्या कामाची लाज बाळगतो तो मागत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. काम करावंच लागतं का? घरून दुसऱ्या वर्षाचेही पैसे येणार असतील तर नाही लागत. माझ्या बॅचमध्ये अशी मुलं होती, त्यांनी फक्त अभ्यास केला, त्यात काही वाईट नाही. पण बाकीच्यांनी केलं आणि बहुतेक सगळे पास झाले. अभ्यासाला वेळ उरतो, आठवड्याला दहा-बारा तास काम असेल तर. आठवड्याला वीस तास, रात्रीच्या शिफ्टने करणाऱ्यांचे विषय राहिलेले मी पाहिलेत, आणि तिथे विषय राहणं आपल्याकडच्या केटीसारखं नाही, साधारण तीन संधी असतात आणि तिसऱ्यांदा गेला तर कोर्समधूनच नाव काढतात, वर तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडेही करता येत नाही. त्यामुळे पैशाच्या मागे लागून परीक्षा घालवू नका. नियमाप्रमाणे आता वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं (मार्च 2024 च्या आधी 120 आणि 240 होते), चार तासांपर्यंतची शिफ्ट अर्धा दिवस धरतात. किमान वेतन 2025 मध्ये 12.82 युरो होतं आणि मिनीजॉबची मर्यादा 556.

हे सगळं केमनिट्झचं सांगतेय. म्युनिकला खोलीचंच भाडं दुप्पट-तिप्पट जाईल, तिथे माझा हिशोब लावू नका. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आपल्याला सेमिस्टरला 1500 युरो फी पण आहे. आणि पूर्वेकडच्या लहान शहरात सगळेच ग्राहक प्रेमाने बोलतात असंही नाही, माझ्या रांगेत एक-दोघे असे होते की माझ्या हातून पाव घ्यायचे नाहीत, त्या बाई पुढे येऊन त्यांना सांगायच्या की हिच्याकडूनच घ्या नाहीतर दुसरं दुकान बघा. अशी माणसं प्रत्येकाला भेटतीलच ह्याची खात्री मी देऊ शकत नाही.

कुकर न्यावा का असंही विचारलंय. न्या, तीन लिटरचा. फोडणी देताना मात्र खोलीचं दार बंद आणि खिडकी उघडी ठेवा, धुराचा अलार्म वाजून अग्निशमनवाले आले तर त्याचं बिल तुमच्या नावावर येऊ शकतं.

आणि काम घेतलंत की पहिल्याच महिन्यात मालकाला लेखी कळवा की फेब्रुवारी आणि जुलै-ऑगस्टमध्ये तुमच्या परीक्षा असतात आणि त्या आठवड्यांत शिफ्ट नको. ऐन वेळी मागितली की नाही मिळत.