फुंकर जाते का, ते पाहा

या महिन्यात आलेले बरेच प्रश्न आवाजाबद्दल होते, आणि त्यातल्या निम्म्यांत चादर होती. सोलापूरकरांच्या हातात दुसरं काय येणार म्हणा!

प्रश्न (पूर्व भागातून): भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे चार पावरलूम आहेत. आमच्या बाजूच्या भिंतीला सहा जाड चादरी ठोकल्या, तरी रात्री खटखट तेवढीच येते. चादर आवाज खाते म्हणतात ना?

खाते, पण अडवत नाही. सगळा घोळ इथेच होतो. तुमच्या खोलीत शिरलेला आवाज भिंतींवर आपटत फिरतो, त्यातला काही भाग चादर गिळते. पलीकडून येणाऱ्या आवाजाला मात्र ती चाळणीसारखी आहे. आवाज अडवायला वजन लागतं. भिंतीचं वजन दुप्पट केलं की हिशेबाने पाच-सहा डेसिबल कमी होतात. त्यापुढे चादरीचं वजन ते काय!

आधी फटी शोधा. गिलावा केलेली ९ इंची विटेची भिंत ५० डेसिबलच्या आसपास आवाज अडवते. पण भिंतीच्या क्षेत्रफळाच्या शंभराव्या भागाएवढी जरी उघडी जागा राहिली, तुळईच्या टोकाशी, वायरच्या भोकाशी किंवा पत्र्याखाली, तरी तीच भिंत २० डेसिबलवर येते. त्यामुळे सहा चादरींपेक्षा पाटीभर सिमेंट जास्त काम करेल.

दुसरं म्हणजे जमीन. मागाचा दणका फरशीतून आणि इमारतीच्या पायातून तुमच्या घरात येतो. तो थांबवायचा तर शेजाऱ्यांच्या मागांच्या पायांखाली जाड रबराचे पॅड हवेत. म्हणजे भांडण न करता बोलावं लागेल. आणि त्यांना हेही सांगा की कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे, तेव्हा कामगारांच्या कानात बोळे असूद्यात. पत्र्याखाली काचलोकर (ग्लासवूल) लावली तर शेडमधला घुमारा कमी होईल, पण मागाशेजारी उभ्या माणसाला त्याचा फारसा उपयोग नाही. त्याच्या कानावर आवाज थेट मागातूनच पडतो.

प्रश्न (जुळे सोलापूर): मी गाणं शिकवते. जुन्या माळवदाच्या घरात हार्मोनियम किती गोड वाटायची! नव्या स्लॅबच्या खोलीत सूर एकमेकांवर चढतात, मुलांचे शब्द कळत नाहीत. खोली ४० फूट बाय २६ आहे, उंची साडेअकरा फूट.

ताई, तुमचं माळवद आठवा. तुळया, वर किलचाण, त्यावर पांढरी माती. भिंतींत कोनाडे, खुंट्यांना कपडे, खाली सतरंजी. त्या घरात गुळगुळीत असं काही नव्हतंच. नव्या खोलीत खाली टाइल्स, वर स्लॅब, चारी बाजूंना पुट्टी.

आता थोडं गणित, कारण इथे ते खरंच उपयोगी आहे. १८९५ साली हार्वर्डमध्ये वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाला एक व्याख्यानगृह सुधारायला दिलं होतं. तिथे एक शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. त्याने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून ठेवल्या, मोजलं आणि सकाळ व्हायच्या आत परत नेऊन ठेवल्या. त्यातून सूत्र निघालं: घुमण्याचे सेकंद म्हणजे खोलीचं घनफळ गुणिले ०.१६, भागिले एकूण शोषण. उघडी खिडकी शंभर टक्के शोषते, कारण आवाज परतच येत नाही. पुट्टीची भिंत दोन-तीन टक्के.

तुमची खोली साधारण ३४० घनमीटर, सगळे पृष्ठभाग मिळून ३३० चौरस मीटर. तीन टक्क्यांनी शोषण १० येतं, म्हणजे साडेपाच सेकंद. नेमका सॅबिनचाच आकडा! आता ६० चौरस मीटर जाड कापड चुण्या घालून टांगा. मधल्या सुरांना ते निम्मा आवाज खातं. शोषण ४० होतं आणि घुमणं दीड सेकंदाच्याही खाली येतं. मुलं बसली की आणखी कमी, कारण माणूसही आवाज शोषतो. रिकाम्या नाट्यगृहातली तालीम आणि भरल्या सभागृहातला प्रयोग वेगळा वाटतो तो यामुळेच.

पण कापड भिंतीला चिकटवू नका. ही चूक मी स्वतः केलेली आहे. भिंतीला टेकून हवेचे कण हलतच नाहीत, आणि शोषण होतं ते कण कापडाच्या धाग्यांतून घासत ये-जा करतात म्हणून. घर्षणाने आवाजाची उष्णता होते. कण सर्वात जोरात हलतात ते भिंतीपासून लहरीच्या पाव लांबीवर. १००० हर्ट्झच्या (सेकंदाला हजार कंपनांच्या) स्वराची लहर ३४ सेंटिमीटर, म्हणजे कापड आठ-नऊ सेंटिमीटर पुढे हवं. एक दांडी पुढे ठोका, झालं. आपल्या टॉवेलचे फासे तर या कामासाठीच विणल्यासारखे असतात!

प्रश्न: अंड्यांचे ट्रे की थर्माकोल?

दोन्ही नकोत. कशालाही कसोटी एकच: तोंडाला लावून फुंका. फुंकर अडखळत पलीकडे गेली तर वस्तू आवाज शोषेल. चादरीतून, काचलोकरीतून ती जाते. थर्माकोलचे बुडबुडे बंद असतात, त्यातून जात नाही. अंड्यांचा ट्रे पातळ असतो, पार वरच्या स्वरांना थोडा भिडतो, बाकी झुरळांची सोय. शिवाय दोन्ही भडकन पेटतात. जुन्या सच्छिद्र बोर्डांना ऑइलपेंट देऊ का, असंही एकाने विचारलंय. देऊ नका, रंगाने छिद्रं बुजली की फुंकर संपली.

प्रश्न (एका भजनी मंडळाकडून): हॉलमध्ये पडदे लावले. टाळ आता छान वाटतात, पण मृदंगाची धुम आणखीच घोंघावते.

पडद्यांनी वरचे स्वर खाल्ले, खालचे तसेच राहिले, म्हणून ते जास्त उघडे पडले. १०० हर्ट्झची लहर साडेतीन मीटरची. तिच्या पाव लांबीवर पडदा टांगायचा तर भिंतीपासून ८५ सेंटिमीटर पुढे यावा लागेल, म्हणजे मंडळी बसायची कुठे?

इथे कापड सोडा, सुताराला बोलवा. ६ मिलिमीटरचा प्लायवूड भिंतीपासून १० सेंटिमीटर पुढे, कडेने हवाबंद चौकटीत बसवा. प्लायचं वजन आणि मागची कोंडलेली हवा यांची जोडी साधारण १०० हर्ट्झलाच डोलते, आणि डोलताना आवाजाची ताकद खर्च होते. पोकळीत काचलोकर सैल भरली की आजूबाजूचे स्वरही धरले जातात. हीच फळी भोकांची केली तर प्रत्येक भोक घागरीच्या गळ्यासारखं वागतं आणि ठरावीक स्वर ओढून घेतं. युरोपातल्या काही मध्ययुगीन चर्चच्या भिंतींत मातीची मडकी पुरलेली सापडतात. प्रत्येक मडकं आपल्याच सुराला धरतं, म्हणून फरक थोडाच पडत असणार, पण कल्पना सुंदर आहे.

हॉलला घुमट असेल तर मात्र आधी फोटो पाठवा. घुमटाचा पोकळ आकार आवाज गोळा करून एकाच जागी आणून टाकतो. विजापूरला गोलघुमटात टाळी वाजवून पाहिली असेल, तर मी काय म्हणतो ते कळेल. तिथे प्लाय कुठे लावायचा हे जागा पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही.