‘सफ्स’मध्ये सगळ्या स्त्रियांना जागा मिळाली आहे का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. अमेरिकेतल्या स्त्री-मताधिकाराच्या लढ्यावरच्या ‘सफ्स’ या म्युझिकलमध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांना न्याय मिळाला आहे का, आणि रंगमंचावर वेगवेगळ्या वंशांचे कलाकार असले म्हणजे नाटक सर्वसमावेशक झालं असं म्हणता येतं का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे. पहिल्याचं उत्तर जरा सविस्तर द्यावं लागेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ‘सफ्स’ची संहिता, गीतं आणि संगीत तिन्ही शायना टॉब यांचं. 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या पब्लिक थिएटरमध्ये ते आलं, मग बरीच फेरफार होऊन एप्रिल 2024 मध्ये ब्रॉडवेच्या म्युझिक बॉक्स थिएटरमध्ये. जानेवारी 2025 पर्यंत चाललं. संहिता आणि संगीत, दोन्हींसाठी टॉबना टोनी, म्हणजे ब्रॉडवेचा मानाचा नाट्यपुरस्कार मिळाला. निर्मात्यांत हिलरी क्लिंटन आणि मलाला युसुफझाई होत्या. नायिका अ‍ॅलिस पॉल, म्हणजे सुशिक्षित, गोरी, हट्टी कार्यकर्ती. ती भूमिकाही टॉब यांनीच केली होती.

आता मुद्द्याचा प्रवेश. 3 मार्च 1913, राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या शपथविधीच्या आदल्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये स्त्रियांचा प्रचंड मोर्चा निघायचा आहे. दक्षिणेकडच्या गोऱ्या बायका नाराज होऊन निघून जातील या भीतीने कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्स यांना सांगितलं जातं की तुम्ही तुमच्या राज्याच्या तुकडीत नको, मागे वेगळ्या तुकडीत चाला. लिंचिंगविरुद्ध, म्हणजे जमावाने केलेल्या हत्यांविरुद्ध लिहिते म्हणून जिच्या वर्तमानपत्राचं मेम्फिसमधलं कार्यालय उद्ध्वस्त केलं गेलं होतं, त्या बाईला हे सांगायचं! यावर आयडा ‘वेट माय टर्न’ हे गाणं म्हणते. माझी पाळी येईपर्यंत थांबायचं ते किती? निकी एम. जेम्स यांनी ते गायलं तेव्हा थिएटरमध्ये अंगावर काटा आला होता, आणि ध्वनिमुद्रण ऐकताना अजूनही येतो.

इथे टॉब यांनी केलेला एक बदल मला फार मोलाचा वाटतो. इतिहासात आयडांना हा निरोप इलिनॉयच्या तुकडीच्या प्रमुख ग्रेस विल्बर ट्राउट यांच्याकडून मिळाला. नाटकात तो खुद्द अ‍ॅलिस सांगते. म्हणजे दोष कुठल्या तरी दुय्यम पात्राच्या माथी मारून नायिकेला मोकळं सोडलेलं नाही. जिच्यावर आपण पहिल्या गाण्यापासून जीव लावलाय, तिच्याच तोंडून हे ऐकावं लागतं. इतकं धाडस बऱ्याच चरित्रनाट्यांत दिसत नाही.

पण माझी तक्रार यापुढची आहे. आयडा आणि दुसरी कृष्णवर्णीय कार्यकर्ती मेरी चर्च टेरेल ही दोन्ही पात्रं मुख्यतः अन्यायाला उत्तर द्यायला रंगमंचावर येतात. त्यांचं स्वतःचं राजकारण कथानकाला पुढे ढकलत नाही. अ‍ॅलिस योजना आखते, पैसे उभे करते, तुरुंगात जाते, हरते, पुन्हा उठते. आयडाला तिचा संताप आणि तिचं शहाणपण मिळतं, तिचं काम मात्र मिळत नाही. आणि काम केवढं होतं! त्या मोर्चाच्या थोडंच आधी, जानेवारी 1913 मध्ये तिने शिकागोत अल्फा सफ्रेज क्लब काढला होता. त्याच वर्षी इलिनॉयमध्ये स्त्रियांना अध्यक्षीय आणि शहर पातळीवरच्या निवडणुकांत मत देण्याचा हक्क मिळाला. लगेच या क्लबच्या बायका घरोघर फिरून कृष्णवर्णीय स्त्रियांची मतदारनोंदणी करू लागल्या. पुरुष दारात टोमणे मारायचे, या पुन्हा जायच्या. 1915 मध्ये ऑस्कर डी प्रीस्ट शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय नगरसेवक झाले, त्यात या बायकांचा मोठा वाटा होता. यात संघर्ष आहे, विनोदाला वाव आहे, विजय आहे. अख्खा अंक होईल एवढा ऐवज आहे.

मोर्चाच्या दिवशी आयडा काय करते तेही बघा. ती बघ्यांच्या गर्दीत उभी राहते आणि इलिनॉयची तुकडी समोरून जाऊ लागली की शांतपणे तिच्यात शिरते. तिच्या दोन्ही बाजूंनी बेल स्क्वायर आणि व्हर्जिनिया ब्रूक्स या गोऱ्या सहकारी चालतात. तो फोटो शिकागोच्या वर्तमानपत्रात छापून आला. हॉवर्ड विद्यापीठातल्या डेल्टा सिग्मा थीटा या जेमतेम दोन महिन्यांच्या संघटनेच्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनीही त्या दिवशी चालल्या.

2024 च्या उन्हाळ्यात ‘सफ्स’चा प्रयोग चालू असताना काही निदर्शकांनी सज्जातून फलक सोडला होता. नाटकाने इतिहासाला पांढरा रंग फासलाय, असा त्यांचा आरोप. हा आरोप मला टोकाचा वाटतो. वर्णभेद लपवणारं नाटक ‘वेट माय टर्न’ लिहीत नाही.

आता कलाकारांच्या निवडीबद्दल. ‘सफ्स’मध्ये पुरुषांच्या भूमिकाही स्त्रिया आणि नॉनबायनरी (स्वतःला फक्त स्त्री किंवा पुरुष न मानणाऱ्या) कलाकारांनी केल्या. राष्ट्राध्यक्ष विल्सन झाल्या होत्या ग्रेस मॅक्लीन. (बालगंधर्वांच्या भामिनीवर वाढलेल्या आपल्या रंगभूमीला वेष बदलण्याचं नवल नाही, पण इथे दिशा उलटी आहे आणि त्यामागे राजकीय हेतू आहे.) लंडनच्या ओल्ड विकमधलं ‘सिल्व्हिया’ आणखी पुढे गेलं. 2023 च्या त्या हिप-हॉप म्युझिकलमध्ये ब्रिटनमधल्या मताधिकार लढ्याची नेता एमेलिन पँकहर्स्ट हिची भूमिका बेव्हर्ली नाइट यांनी आणि तिची मुलगी सिल्व्हियाची शॅरन रोझ यांनी केली. या दोन्ही अभिनेत्री कृष्णवर्णीय. आवाज, लय, देहबोली या सगळ्यातून ती जुनी माणसं आजची वाटू लागतात, म्हणून मला हा प्रयोग आवडतो. पण गोऱ्या व्यक्तीची भूमिका कृष्णवर्णीय अभिनेत्रीला दिली म्हणून त्या काळातल्या खऱ्या गौरेतर स्त्रियांची गोष्ट सांगून झाली, असं होत नाही. कोणाला काम मिळालं आणि कोणाची गोष्ट सांगितली गेली, हे दोन हिशेब वेगळे ठेवायला हवेत.

लंडनचंच उदाहरण देते. पंजाबचे शेवटचे महाराजा दुलीपसिंग यांची मुलगी सोफिया हॅम्प्टन कोर्टमध्ये राजघराण्याच्या मेहेरबानीने मिळालेल्या घरात राहायची आणि त्याच राजवाड्याच्या दाराशी उभी राहून ‘द सफ्रजेट’ हे वर्तमानपत्र विकायची. 18 नोव्हेंबर 1910 च्या ‘ब्लॅक फ्रायडे’ला पोलिसांनी स्त्रियांना मारहाण केली, तेव्हा ती एमेलिनबरोबर संसदेवर गेली होती. मत नाही तर कर नाही म्हणून तिने दंड भरायला नकार दिला. तिची हिऱ्यांची अंगठी जप्त करून लिलावात काढली गेली, ती एका मैत्रिणीने विकत घेऊन तिला परत दिली. लिलावाच्या त्या प्रसंगावर किती सुंदर समूहगीत होईल!

तुम्ही यावर काही लिहिणार किंवा बसवणार असाल तर शेवट कुठे करायचा याचा जरूर विचार करा. ऑगस्ट 1920 मध्ये टेनेसीत स्त्री-मताधिकाराची घटनादुरुस्ती मंजूर झाली, ढोल वाजले, पडदा पडला, असा शेवट हाताशी तयार असतो. पण अमेरिकेतल्या सगळ्या मूलनिवासींना नागरिकत्व मिळालं 1924 मध्ये. न्यूयॉर्कच्या 1912 च्या मोर्चात घोड्यावर बसून गेलेल्या मेबल ली यांच्यासारख्या चिनी स्थलांतरितांना नागरिक होण्याची वाट 1943 पर्यंत बंद होती. आणि दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांना 1965 चा मतदान हक्क कायदा येईपर्यंत मतदानकेंद्राच्या दारातूनच परत पाठवलं जात होतं.

सुरुवात म्हणून ‘सफ्स’चं ध्वनिमुद्रण संपूर्ण ऐका, सुटी गाणी नकोत. आयडा कुठे येते, किती वेळानंतर परत येते आणि मधल्या काळात ती काय करत असेल, हे कागदावर लिहीत जा. नवीन नाटकाचे निम्मे प्रवेश तुम्हाला तिथेच सापडतील.