आवर्तसारणीच्या तळाशी वेगळ्या मांडलेल्या मूलद्रव्यांच्या दोन ओळी, लँथॅनॉइड आणि ॲक्टिनॉइड. दोन्ही एफ-ब्लॉकच, मग त्यांच्या रसायनात फरक तो काय?

नागपूरच्या इतवारीत आमच्या बाबांचा वरातीच्या गॅसबत्त्या भाड्यानं द्यायचा धंदा होता, म्हणून लिहायला बसलो.

मेंटल बांधायचं काम माझं. थोरियम आणि सेरियमच्या नायट्रेटमध्ये भिजवलेली ती सुती पिशवी. पहिल्यांदा पेटवली की कापूस जळतो आणि पांढरी जाळी उरते. जवळपास ९९ टक्के थोरियम ऑक्साइड, १ टक्का सेरियम ऑक्साइड. बोट लागलं की भुगा, आणि बाबांच्या शिव्या. हे प्रमाण बसवणारा ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ आउअर फॉन वेल्सबाख. त्यानंच १८८५ साली, एकच मूलद्रव्य समजलं जाणारं डिडिमियम फोडून निओडिमियम आणि प्रॅसिओडिमियम वेगळे केले. लँथॅनॉइड एकमेकांना इतके चिकटून असतात!

बारावीला ट्यूशनचे सर म्हणाले, "एफ-ब्लॉक सगळे सारखेच. प्लस तीन लिहा, दोन मार्क घ्या." (प्लस तीन म्हणजे अणू बंध करताना तीन इलेक्ट्रॉन देतो.) मी उठून म्हटलं, सर, मेंटलमध्ये थोरियम ॲक्टिनॉइड, सेरियम लँथॅनॉइड, आणि तिथं तर दोघेही प्लस चार आहेत. "काऊन बे बत्तीवाल्या, आता तू शिकवतो का?" अख्खी बॅच हसली. पुढे वर्षभर मी 'बत्ती'च होतो.

सारखे नाहीत. लँथॅनॉइडचे ४एफ इलेक्ट्रॉन आत दडलेले, बंधात जवळजवळ भाग घेत नाहीत, म्हणून लँथॅनॉइडचं प्लस तीनवर भागतं. ॲक्टिनॉइडचे ५एफ बाहेरपर्यंत पसरतात, शिवाय ५एफ, ६डी, ७एस या इलेक्ट्रॉनच्या कप्प्यांच्या ऊर्जा जवळजवळ. त्यामुळे युरेनियम प्लस सहापर्यंत जातं, नेप्चुनियम आणि प्लुटोनियम प्लस सातपर्यंत. 'सगळे प्लस तीन' शिकवणाऱ्याचे पैसे परत मागा.

आता, अमेरिशियमच्या पुढचे ॲक्टिनॉइड बहुतेक प्लस तीनवरच येतात, नोबेलियमला तर प्लस दोन बरं वाटतं. इकडे सेरियम प्लस चार होतं, युरोपियम प्लस दोन. किरणोत्सारी तर सगळेच ॲक्टिनॉइड, लँथॅनॉइडमध्ये प्रोमेथियम.

आणि हो, पेपरात थोरियमचं उदाहरण देऊ नका. त्याच्या अणूत ५एफमध्ये इलेक्ट्रॉनच नसतो, चारही जातात ते ६डी आणि ७एसमधले. म्हणजे माझं उदाहरण फुसकंच होतं. पण सरांना ते कुठं ठाऊक होतं? असतं तर माझ्या बापाच्या धंद्यावर कशाला आले असते!