दुराक आणि दुर्जन यांचं नातं नाही

प्रश्न असा आहे: रशियन कथांच्या अनुवादांत 'सुमाशेद्शी', 'बेझुम्नी', 'दुराक' असे शब्द भेटतात. सगळ्यांचा अर्थ 'वेडा'च का? आणि 'दुराक' आपल्या 'दुर्'वरून आला, हे खरं का?

दुसरा भाग आधी घेतो, कारण तो ऐकून ऐकून कान किटलेत. रशियन-संस्कृत साम्याच्या याद्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात आणि त्यात हे हटकून असतं: दुर्नोय म्हणजे वाईट, दुराक म्हणजे मूर्ख, म्हणून हे आपलं दुर्जन-दुर्गुणातलं दुर्. अहो, आपला मूळ उपसर्ग 'दुस्' आहे! दुस्तर, दुष्काळ, दुश्चिन्ह यांत तो दिसतो. पुढे मृदू व्यंजन आलं की संस्कृतच्या संधिनियमाने त्या स्‌चा र् होतो, म्हणून दुर्जन. हा नियम संस्कृतच्या घरचा. ग्रीकमध्ये तो उपसर्ग 'दुस्' असाच राहिला, आणि फारसीतलं 'दुश्' आपण 'दुश्मन' म्हणताना रोज उच्चारतो: वाईट मनाचा तो दुश्मन. रशियनला आपले संधिनियम लागू नाहीत. दुराकमधला र पहिल्यापासून र-च आहे.

संस्कृतशी सोयरीक जुळवायचीच असेल तर 'धू' धातूकडे जा. धुनोति म्हणजे गदगदा हलवतो. धूम हा शब्दही त्याच कुळात धरतात. आपल्या ध्‌च्या जागी रशियनमध्ये द् येतो. धुराला ते 'दिम' म्हणतात. होमर युद्धदेव आरेसला 'थूरोस' म्हणतो, म्हणजे मुसंडी मारणारा. काही अभ्यासक तोही याच गोतावळ्यात धरतात. आणि तिथलाच रशियन 'दुर', डोक्यात शिरलेलं खूळ. आपण डोक्यात राख घालून घेतो, त्यांच्या डोक्यात धूर गरगरतो. दुर्जनापेक्षा हे किती तरी सुंदर आहे, पण याद्यांत ते कधी येत नाही.

याच ओघात 'दुर्मान'. हे धोत्र्याचं रशियन नाव. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये धोत्र्याला 'दातुरा' हे शास्त्रीय नाव दिलं ते भारतीय 'धतुरा'वरून, पण रशियन नाव त्यावरून आलेलं नाही. माक्स फास्मरच्या रशियन व्युत्पत्तिकोशात ते तातारी शब्दाशी जोडलंय, ज्याचा अर्थ घोड्याचं औषध. फास्मर माझ्या टेबलावरून कधी हलत नाही, तरी इथे मी त्याचं ऐकणार नाही. वनस्पती डोकं फिरवणारी, भाषेत डोकं फिरण्याला 'दुर' हा शब्द आयता हजर, मग तबेल्यात कशाला जायचं?

बरं, अर्थ. दुराक वेडा नाही, मूर्ख आहे. लोककथांतला इव्हान-दुराक शेवटी राजकन्या घेऊन जातो. 'बेझुम्नी'त 'बेझ' म्हणजे विना, 'उम' म्हणजे बुद्धी. हा शब्द प्रेमाला, धाडसाला, पैशालाही लागतो. 'बेझुम्नो सुंदर' म्हणजे आपलं 'भयंकर सुंदर'.

'सुमाशेद्शी' मात्र उलगडून बघण्यासारखा. 'स उमा सोइती' हा वाक्प्रचार आणि त्याचं धातुसाधित एकत्र चिकटून झालेला हा एक शब्द. (हा उमा म्हणजे उमचीच विभक्ती, पार्वती नव्हे.) 'सोइती' म्हणजे उतरणे: जिन्यावरून, आगगाडीतून, रुळांवरून. शब्दशः 'बुद्धीवरून उतरलेला'. आपल्याकडे माणूस मनातून उतरतो तेव्हा त्याची किंमत जाते, त्यांच्याकडे स्वतःच्या बुद्धीवरून उतरतो तेव्हा शुद्ध. रशियन लेखक गोगोलच्या 1835 च्या कथेच्या शीर्षकात हाच शब्द आहे, आणि वेड्यांच्या इस्पितळालाही हाच लागतो, बेझुम्नी नाही. वेड म्हणजे जागा सोडणं, हे रशियनमध्ये जागोजागी आहे. 'स्प्यातित', म्हणजे वेड लागणे, हा 'प्याता' म्हणजे टाच यावरून आला: टाचांवर मागे मागे सरकत गेला. अलीकडच्या बोलीत तर छप्परच चालायला लागतं, 'क्रिशा पोयेखाला'.

आणि 'ब्रेद', म्हणजे एरवी बरळणं! याचं क्रियापद 'ब्रेस्ती'शी जोडलेलं आहे: रखडत चालणे, मुळात पाण्यातून चालणे. लिथुआनियनमध्ये 'ब्रेदु' म्हणजे आजही 'मी पाण्यातून चालतो'. 'ब्रोद' म्हणजे नदीचा उतार, जिथून पायी पलीकडे जाता येतं. म्हणजे बोलणारा उतार सोडून पाण्यात भरकटला. लॅटिनने हेच शेतात पाहिलं: 'डिलिरियम' म्हणजे नांगराचं तास सोडून गेलेलं. पण म्हणून ब्रेद दिसला की 'बरळणं' लिहून मोकळं होऊ नका. रशियन मनोविकारशास्त्रात ब्रेद म्हणजे पक्का बसलेला भ्रम. आपला कोणी पाठलाग करतंय याची खात्री असलेला रुग्ण शांत बसून, स्वच्छ वाक्यांत ते सांगतो. त्याला बरळणारा म्हटलं की सगळं प्रकरणच बिघडतं.

एक शेवटचं. पुश्किनच्या सोनेरी माशाच्या गोष्टीत म्हातारीला राणी व्हायचं असतं, तेव्हा घाबरलेला म्हातारा विचारतो, 'अगं बाई, बेलेना खाल्लीस की काय?' बेलेना म्हणजे आपल्या काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा खुरासानी ओवा. अनुवादात 'तुला वेड लागलंय का' असं छापलेलं मी पाहिलंय. 'धोत्रा खाल्लास की काय' हे मराठीत सरळ बसतं, आणि बेलेना व धोत्रा एकाच कुळातल्या वनस्पती आहेत.