छातीतलं पाणी पोटातून येतं, नळी घालण्याआधी हे वाचा

तासगावच्या दादांनी विचारलंय की वडिलांना लिव्हर सिरॉसिस (लिव्हर निबर होऊन आकसणं) आहे, महिन्यात दोनदा उजव्या छातीतलं पाणी काढलं, दोन्ही वेळा दहा दिवसांत परत भरलं. आता नळी घालून ठेवावी का? आणि पाणी पिणं बंद करायचं का?

मी डॉक्टर नाही. पण माझ्या सासऱ्यांचं, अण्णांचं, हेच दुखणं आम्ही सांगलीत सव्वादोन वर्षं काढलं.

आधी हे पाणी येतं कुठून ते बघा. छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला बारीक भोकं असतात, बहुतेक उजवीकडे. श्वास घेताना छातीत ओढ तयार होते आणि पोटातलं पाणी वर खेचलं जातं. म्हणून कधी पोट सपाट दिसतं अन् छाती भरलेली असते. आमच्याकडे शेजारपाजारच्यांनी तर टीबीच ठरवून टाकला होता!

२०१९ च्या पुरात आम्ही खालची खोली बादल्यांनी उपसत होतो. कृष्णा उतरेपर्यंत काही उपयोग झाला नाही. नळीचं तसंच आहे. ती ठेवली की पाण्याबरोबर प्रोटीन रोज वाहून जातं, जंतुसंसर्ग होतो, किडनीवर ताण येतो. दम लागला की सुईनं पाणी काढणं ठीक, साधारण दीड-दोन लिटरपर्यंत. दुसरा कुठलाच मार्ग उरलेला नसतो तिथे लहान कायमची नळी घालतात, पण तो निर्णय लिव्हरच्या डॉक्टरांचा.

खरी लढाई मिठाशी. दिवसभरात सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. सासूबाई सकाळी तेवढं मीठ एका डबीत काढायच्या, अण्णांच्या ताटात त्यातलंच पडायचं. तरी वजन वाढतच होतं. शेवटी सापडलं काय, तर उशीखाली भडंगाची पुडी! लोणचं, पापड, खर्डा, फरसाण हे सगळं मीठच. आणि एक चूक करू नका: दुकानातलं 'लो सोडियम' मीठ आणू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि स्पायरोनोलॅक्टोन या लघवी वाढवणाऱ्या गोळीनं ते रक्तात आधीच चढतं.

ती गोळी फ्युरोसेमाइड या लघवीच्याच दुसऱ्या गोळीबरोबर देतात, बहुतेक १०० ला ४० मिलिग्रॅम या प्रमाणात. डोस स्वतः वाढवू नका. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाआधी वजन करून वहीत लिहा. पायाला सूज नसेल तर दिवसाला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरू नये. दर थोड्या दिवसांनी रक्तातलं सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (यावरून किडनीचं काम कळतं) तपासून घ्या.

आमच्या हातून झालेला घोटाळाही सांगते. कंबर दुखली म्हणून एका दवाखान्यात अण्णांना डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन दिलं, सिरॉसिस आहे हे आम्हीच सांगितलं नव्हतं. दोन दिवसांत लघवी कमी झाली, ॲडमिट करावं लागलं. या पेशंटला ही वेदनाशामकं चालत नाहीत.

पाणी पिणं बंद करू नका. सोडियम फार खाली, १२५ च्या आत गेलं तरच डॉक्टर पाणी मोजून द्यायला सांगतात. जेवणही तोडू नका. डाळ, अंडी, दही हवं, आणि झोपताना काहीतरी खायला द्या, रात्रभर उपाशी राहिलं की अंगातलं मांस झडतं.

एवढं करूनही भरत असेल तर टिप्सबद्दल विचारा, म्हणजे लिव्हरच्या आत स्टेंट घालून तिथल्या रक्ताचा दाब उतरवणं. पण त्यानं भ्रम वाढू शकतो आणि लिव्हर फार थकलेलं असेल तर चालत नाही. मूळ उपाय ट्रान्सप्लांट. अण्णांचा मेल्ड स्कोअर (लिव्हर किती बिघडलंय ते रक्ततपासणीवरून सांगणारा आकडा) कमी म्हणून आम्ही निवांत राहिलो, पण छातीतलं पाणी त्या आकड्यात धरलेलंच नसतं. आपल्या भागाची अवयवांची प्रतीक्षायादी पुण्याच्या झेडटीसीसीकडे, म्हणजे विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे असते. नावनोंदणीचं आत्ताच विचारा.

काढलेल्या पाण्यात पांढऱ्या पेशी किती आल्या ते कळवा, जंतुसंसर्ग आहे का ते त्यावरून कळतं. आणि ताप, पोटदुखी किंवा असंबद्ध बडबड सुरू झाली तर माझ्या उत्तराची वाट बघू नका, सरळ ॲडमिट करा.