अंगावर उडी मारणारा राजा आणि सहा आठवड्यांवर आलेले गणपती

देवगड तालुक्यातल्या एका वाडीतून जुलैअखेरीस आलेली ही विचारणा. विचारणाऱ्या घरच्या सूनबाई. कुत्रा लॅब्रॅडोर, नाव राजा, वय १६ महिने, वजन ३४ किलो. "बेड्यातून (कुंपणाच्या फाटकातून) कुणीही आत आलं की धावत जाऊन पुढचे दोन्ही पाय छातीवर ठेवतो. गुरगुरत नाही, चावत नाही, सगळं आनंदाने करतो. पण परवा सासूबाई पाखडायचं सूप घेऊन खळ्यात (घरापुढच्या अंगणात) आल्या आणि याने उडी मारली. त्या पडल्या, मनगट सुजलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं. गणपतीला मुंबईहून पंधरा-वीस माणसं येणार, त्यात लहान मुलं. कुत्रा कुणाला देऊन टाकावा का?"

देऊन टाकायची गरज नव्हती. पण आधी काय काय करून झालंय ते विचारलं. उडी मारली की छातीत गुडघा मारायचा, हे कुणीतरी शिकवलेलं. वर्तमानपत्राची गुंडाळी करून मारून झालं होतं. शेवटी दिवसभर फणसाला बांधून ठेवायला सुरुवात झाली होती. या तिन्ही उपायांनी उडी सहसा वाढतेच. कुत्र्याला माणसाच्या तोंडाजवळ यायचं असतं. पिल्लू आईचं तोंड चाटतं, तीच ओढ. ढकललं, ओरडलं, हात झटकले तरी त्याला हवं ते मिळतंच: माणूस वळला, बोलला, स्पर्श झाला. गुडघ्याच्या माराने बरगडीला इजा होऊ शकते, आणि कुत्रा घाबरट निघाला तर माणूस जवळ आला की दात दाखवायला शिकतो. दिवसभर बांधलेल्या कुत्र्याची सगळी ताकद सुटल्याबरोबर पहिल्या माणसावर खर्च होते.

पहिले तीन दिवस शिकवणं नाही, फक्त टिपण. राजा कधी, कुणावर, कसा उडी मारतो ते घरच्यांनी कॅलेंडरच्या मागे लिहिलं. तीन वेळा ठळक दिसल्या: सकाळी मासेवाली आल्यावर, मुलगा शाळेतून परतल्यावर आणि तिन्हीसांजेला आजोबा बागेतून आल्यावर. यातल्या तिसऱ्या नोंदीत खरी गाठ होती. आजोबा स्वतःच छातीवर थाप मारून "ये रे" म्हणायचे आणि राजाला अंगावर घ्यायचे. दहा जणांनी उडी धुडकावली आणि एकाने रोज लाडाने घेतली, की कुत्रा अकराव्यालाही करून बघणारच. कधीतरी मिळणारं बक्षीस रोज मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा सवय घट्ट करतं.

आजोबांचं म्हणणं सरळ होतं, "माका बघून तेका आनंद होता, तो कित्याक मोडूचो?" खरंच, तो मोडायचा नव्हताच. त्यांना इतकंच सांगितलं की बागेतून आल्यावर उभ्याने राजाला भेटायचं नाही. आधी पडवीच्या पायरीवर बसायचं, मग हाक मारायची. माणूस खाली बसला की तोंड गाठायला उडी लागत नाही. छाती खाजवायची, डोक्यावर थापट्या मारायच्या नाहीत; थापटीने कुत्रा जास्त चेकाळतो. ही एक गोष्ट जमली नसती तर पुढचं सगळं वाया गेलं असतं.

मग सराव. पडवीच्या खांबाला दीड मीटरचा जाड सुती दोर बांधला आणि दुसरं टोक छातीपट्ट्याला अडकवलं. गळ्यातली साखळी वापरायची नाही. उडी मारताना मानेला झटका बसतो. खाऊ म्हणून बिनमिठाची उकडलेली कोंबडी, हाडाशिवाय, हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे. घरात सुकट तयारच असते, पण ती खारट, म्हणून नको. कांदा-लसणीतलं काहीही नको. एका वेळी दहा तुकडे, तीन मिनिटं, दिवसातून चार वेळा, आणि तेवढं जेवण कमी करायचं.

माणूस दहा पावलांवरून चालत येतो. राजाचे चारही पाय जमिनीवर आहेत तोवर पुढे यायचं. पुढचे पाय उचलले की तिथेच थांबायचं, पाठ करायची, दोन पावलं मागे. तोंडातून शब्द नाही, "नाही" सुद्धा नाही. पाय टेकले की पुन्हा पुढे. दोराच्या टप्प्याबाहेर हातभर अंतरावर पोचलो आणि चारही पाय खाली असतील, तर त्याच क्षणी "छान" म्हणायचं आणि तुकडा त्याच्या पुढच्या पायांमध्ये जमिनीवर टाकायचा. इथेच बहुतेकांचं चुकतं. तुकडा बोटात धरून उंच दाखवला की डोकं वर जातं, डोक्यामागे पाय जातात, आणि आपणच उडी शिकवतो. दुसरी चूक उशिराची: "छान" म्हणेपर्यंत दोन-तीन सेकंद गेले तर तेवढ्यात त्याने जे केलं असेल त्याचं बक्षीस त्याला मिळतं.

आठवड्याने यात "बस" आणलं. या घरात आजी "बस रे", मुलगा "सिट" आणि आजोबा "खाली" म्हणत होते. एकच शब्द ठरवायला लागला, आणि तो एकदाच म्हणायचा.

पाचव्या दिवशी सूनबाईंचा फोन: "हा तर आधीपेक्षा उंच उड्या मारतो, भुंकतोय पण." हे होणार हे आधीच सांगायला हवं, नाहीतर लोक इथेच सोडतात. लाईट गेली असताना माणूस पंख्याचं बटण चार वेळा खटाखट दाबतो, तसंच ते आहे. जुना उपाय चालेना म्हणून कुत्रा तो जोरात करून बघतो. या दोन-तीन दिवसांत कुणी हार मानून लाड केला, तर जोराने केलं की मिळतं हे तो शिकतो.

मासेवालीला सरावात घेतलं. ती बेड्याबाहेरून हाक देई, सूनबाई मूठभर कोरडं खाणं पडवीत विखरून "शोध" म्हणत, मगच बेडं उघडे. नाक जमिनीला लागलं की पाय आपोआप खाली राहतात. पावसात फिरणं बंद पडतं तेव्हा हाच खेळ घरात दोनदा, शिवाय पाऊस उघडेल तेव्हा पाच मीटरच्या दोरावर हुंगत चालणं, सकाळी आठच्या आत, ऊन आणि दमट हवा वाढण्याआधी. चेंडू तासभर फेकत बसू नये. त्याने कुत्रा दमतो, पण शांत होत नाही.

सासूबाईंसाठी वेगळी सोय केली. राजा कितीही सुधारला तरी त्यांच्यासाठी पडवीच्या दाराला कमरेएवढं लाकडी फाटक बसवलं, आणि त्या खळ्यात असताना राजा दोरावर. उडीत नखाने कातडी फाटली तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठायचं. कुत्र्याचं रेबीजचं वार्षिक इंजेक्शन झालेलं असलं तरी निर्णय डॉक्टरांवर सोपवायचा. उडी मारताना अंग ताठ, नजर रोखलेली, ओठ वर, असं दिसलं असतं तर हे प्रकरणच वेगळं झालं असतं.

गणपतीच्या दिवशी चाकरमान्यांची गाडी आली तेव्हा राजा मागच्या मांगरात (घराबाहेरच्या खोपीत), चघळायला काहीतरी देऊन ठेवलेला. माणसं बसली, चहा झाला, वीसेक मिनिटांनी तो दोरावर आत आला. आरती, झांजा आणि फटाक्यांच्या वेळी पुन्हा मांगर. मोदकांच्या ताटाजवळ त्याला अजिबात येऊ द्यायचं नाही हे बजावलं होतं, कारण सारणातल्या मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. एक काका मात्र "असू दे, मला आवडतात कुत्री" म्हणून दोनदा छाती थोपटून गेले, आणि पुढचे दोन दिवस राजा पुन्हा उड्या मारू लागला. आजोबांनीच त्यांना पायरीवर बसायला लावलं.

आता घरच्यांवर आणि मासेवालीवर तो उडी मारत नाही. पळणाऱ्या मुलांवर अजून मारतो, म्हणून मुलं खेळत असताना हलका दोर जमिनीवर लोळता ठेवलाय आणि मोठं माणूस त्यावर पाय द्यायला जवळ उभं असतं. तो दोर दिवाळीनंतरच काढायचा, असं ठरलंय.