अडकित्त्यातली कात्री

प्रश्न असा: ‘मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात अडकित्ता दुसऱ्या प्रकारच्या तरफेत घातलाय. दिसतो तर कात्रीसारखा, मग तो कात्रीच्या पंगतीला का नाही? आणि नेलकटर कुठे बसवायचा?’

पुस्तक बरोबर आहे. तुम्ही निदान ‘अडकित्ता’ म्हणालात याचंच मला बरं वाटलं. हल्ली दुकानात मागायला गेलं की पोरगा आत ओरडतो, ‘सुपारी कटर आहे का रे?’ आणि आपण तोंड मिटून पैसे द्यायचे. दुसरा वैताग चिमट्याचा. गॅसवरून पातेलं उतरवायची ती सांडशी, फुलका उलटायचा तो चिमटा. सांडशीला चिमटा म्हटलं की भाषा तर बिघडतेच, तरफेचा प्रकारही बदलतो. सांडशीची खीळ मधे असते, चिमट्याचं जोडलेलं टोक मागे असतं आणि बोटं मधे दाबतात.

टेकू (तरफ जिथे फिरते ती जागा), भार (जे कापायचं किंवा धरायचं ते) आणि बल (आपल्या हाताचा जोर) या तिघांपैकी मधे कोण, एवढंच पाहायचं असतं. टेकू मधे असेल तर पहिला प्रकार (कात्री, पक्कड, सांडशी). भार मधे असेल तर दुसरा, बल मधे असेल तर तिसरा. चिमट्यात जोर वाया जातो, पण टोक बोटांपेक्षा जास्त हलतं, म्हणून तर गरम फुलका अलगद उचलता येतो. अडकित्त्याची खीळ एका टोकाला, मुठी दुसऱ्या टोकाला, सुपारी मधे. समजा सुपारी खिळीपासून 2 सेंटिमीटरवर आणि हात 12 सेंटिमीटरवर आहे. मग 5 किलोचा दाब सुपारीवर 30 किलोचा होऊन पडतो. रोठा सुपारीचं खांड पडतं ते यामुळे. शिवणाची कात्री तिथे हात टेकेल. पत्र्याची कात्री चालेल, कारण तिची पाती आखूड आणि दांडे लांब असतात.

आता खरी मजा. अडकित्ता कात्रीसारखा दिसतो, ही तुमची एकट्याची समजूत नाही. ती या शब्दातच बसलेली आहे.

‘सुपारी अडकवून कातायची, म्हणून अडकित्ता’ असं छातीठोकपणे सांगणारी मंडळी मला दर लग्नात भेटतात. त्यांनी कृपया एकदा सीमेपलीकडे डोकावावं. कानडीत सुपारीला ‘अडिके’ किंवा ‘अडके’ म्हणतात आणि ती कातरायच्या हत्याराला ‘अडकत्तरि’. तेलुगूत ‘अडकत्तेर’. अडकण्याचा इथे संबंध नाही, ‘अडक’ म्हणजे सुपारीच. पुढची ‘कत्तरि’ म्हणजे आपली कात्री, संस्कृतातली ‘कर्तरी’. म्हणजे अडकित्ता हा शब्दाने ‘सुपारीची कात्री’ आहे आणि यंत्र म्हणून कात्री अजिबात नाही! नाव ठेवणाऱ्याने दोन पाय आणि एक खीळ पाहिली, खीळ कुठे आहे ते पाहिलं नाही. तुम्हीही तेच केलंत.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो: शेवटचा तुकडा ‘कत्तरि’ नसून ‘कत्ति’ असेल, म्हणजे सुरी, ‘कित्ता’ला तोच जवळचा वाटतो आणि ‘र’ गळाला कुठे, हा प्रश्नही उरत नाही. ऐकायला छान आहे. पण सुरीला दोन पाय असतात का? आणि शेजारच्या दोन्ही भाषांत आजही कात्रीचा ‘र’ शाबूत असताना आपल्याच शब्दाला तेवढी सुरी कशाला चिकटवायची? ‘र’ गळण्याबद्दल माझा तर्क असा की मराठीत ‘कित्ता’ हा शब्द आधीच तोंडात होता, गिरवायचा तो. अनोळखी शेपूट ओळखीच्या शब्दाकडे झुकलं. हा तर्कच आहे, पण सुरीपेक्षा बरा.

म्हणीसुद्धा बघा. आपण अडकित्त्यात सापडतो, तेलुगू माणूस ‘अडकत्तेरलो पोकचेक्क’ म्हणतो, म्हणजे अडकित्त्यातलं सुपारीचं खांड. कानडीतही सुपारी तशीच अडकते. दोन्ही बाजूंनी दाब आणि मधे आपण. ‘भार मधे’ हे याहून नेमकं कोणी सांगितलंय? कात्रीत सापडणंही आहेच मराठीत, पण त्यात तो चिरडण्याचा आवाज नाही.

अजून एक, मग थांबतो. मल्याळममध्ये सुपारीला ‘अटय्क्क’ म्हणतात, उच्चार ‘ड’कडे झुकणारा. पोर्तुगीजांच्या कानाला तो ‘र’ वाटला आणि ‘अरेका’ तयार झालं. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताच्या 1563 साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात, केरळातले नायर लोक सुपारीला अरेका म्हणतात, अशी नोंद आहे. पुढे 1753 मध्ये स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने झाडाचं शास्त्रीय नाव ‘अरेका कॅटेचू’ ठेवलं. म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांच्या तोंडी असलेला ‘अरेका’ आणि आजोबांच्या चंचीतल्या अडकित्त्याचा ‘अडक’ हे सख्खे भाऊ. खुद्द कोकणात मात्र झाडाला पोफळ म्हणतात, ते संस्कृत ‘पूगफल’वरून. एका विड्यात किती गावचं पाणी!

मुलीला घेऊन पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. तिथे अडकित्त्यांचा सुरेख संग्रह आहे. नक्षी बघून झाली की तिला एकेकाची खीळ शोधायला सांगा.

हो, नेलकटर राहिला. त्यात दोन तरफा आहेत. वरचा दांडा दुसऱ्या प्रकारचा: पुढची खीळ हा टेकू, तिच्या लगेच मागे पात्यावर पडणारा दाब, आणि शेपटाला आपलं बोट. खालची दोन पाती मागे जोडलेली, दाब अलीकडे, नख अगदी टोकाला, म्हणून ती तिसऱ्या प्रकारची, चिमट्यासारखी. परीक्षेत एकच उत्तर मागितलं असेल तर ते बाईंनाच विचारा.